शिकारीच्या हंगामापूर्वी हरणांच्या खुणा कशा शोधाव्यात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात परवाना काढून हरणांची शिकार करू लागलेल्या, किंवा तसा विचार करत असलेल्या मराठी वाचकांकडून हंगाम जवळ आला की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. ही उत्तरे व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाविषयी आहेत. इतर जातींचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा लिहिण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टेहळणी करायची म्हणजे जंगलात जाऊन नेमके काय शोधायचे?

तीन गोष्टी शोधायच्या: हरीण खाते कोठे, दिवसा बसते कोठे, आणि या दोन ठिकाणांच्या मध्ये ये-जा कोणत्या वाटेने करते. खुरांचे ठसे, लेंड्या, खुडलेले शेंडे, दबलेले गवत, झाडावर शिंगे घासल्याचे व्रण, उकरलेली जमीन या सर्व खुणांचा उपयोग याच तीन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी असतो. नवखा माणूस खुणा मोजत फिरतो आणि जेथे सर्वांत जास्त दिसतील तेथे मचाण बांधतो. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. खूण कधी उमटली आणि कशासाठी उमटली, हे सांगता येत नसेल तर तिच्यावरून हरीण तेथून कधीतरी गेले होते, एवढेच सिद्ध होते.

२. टेहळणी केव्हा सुरू करावी? हंगामाच्या आदल्या आठवड्यात गेले तर चालणार नाही का?

चालेल, पण तेवढीच एक फेरी केली तर अर्धे चित्र हाती येते. सर्वांत फलदायी काळ हंगाम संपल्यानंतरचा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचा असतो. पानगळ झालेली असते, नवी झुडपे उगवलेली नसतात, आणि शरद ऋतूतील वाटा, बैठका व व्रण उघडे पडलेले असतात. त्या वेळी हरणे बिथरली तरी शिकारीला अनेक महिने असल्यामुळे नुकसान होत नाही, म्हणून एरवी ज्या दाट झाडीत पाऊल टाकू नये तेथेही निर्धास्तपणे फिरता येते. नरांची शिंगे साधारणपणे डिसेंबर ते मार्च या काळात गळतात. गळालेले शिंग सापडले तर तो नर हंगामातून जिवंत सुटला होता याचा तो पुरावा ठरतो.

जुलै-ऑगस्टमध्ये जंगलात शिरण्याची गरज नसते. संध्याकाळी सोयाबीन किंवा लसूणघासाच्या शेतापासून लांब बसून दुर्बिणीने पाहिले तरी कोणते नर परिसरात आहेत ते कळते. सप्टेंबरनंतर मात्र मोजक्या आणि थोड्या वेळाच्या फेऱ्या माराव्यात, आणि त्या फक्त आधीच हेरून ठेवलेल्या जागांवर ताज्या खुणा आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी असाव्यात.

३. शेकडो एकर जंगल आहे. सुरुवात कोठून करावी?

नकाशापासून. उपग्रहचित्र आणि उंचीच्या समरेषा दाखवणारा नकाशा शेजारी ठेवून पाहिल्यास निम्मे जंगल पायी न फिरताच बाद करता येते. व्हाइटटेल हा कडेचा प्राणी आहे. जंगल आणि शेत, जुनी झाडी आणि तोडीनंतर उगवलेले रान, कोरडी जमीन आणि दलदल अशा दोन प्रकारच्या भूभागांच्या सीमेवर तो अधिक वावरतो. डोंगराळ भागात दोन उंचवट्यांमधील खिंड, उतारावरील सपाट पट्टा आणि धारेवरून खाली उतरणारी सोंड या जागांवर आधी खूण करावी, कारण हरीणही चढ टाळून सोपी वाट धरते. सपाट प्रदेशात ओढ्याचे वळण, कुंपणाची पडलेली तार, दोन तळ्यांमधील चिंचोळी पट्टी अशा अडचणीच्या जागा पाहाव्यात, कारण तेथे त्यांच्या वाटा एकवटतात.

व्हाइटटेलचे वावरक्षेत्र सामान्यतः एका चौरस मैलाच्या आसपास असते. नराचे क्षेत्र मादीपेक्षा मोठे असते आणि माजाच्या काळात ते आणखी वाढते. त्यामुळे आपल्या वाट्याला आलेल्या चाळीस-पन्नास एकरांत हरणाचे सगळे आयुष्य सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्या तुकड्याचा हरीण कोणत्या कामासाठी उपयोग करते, एवढे समजले तरी पुरे.

४. हरणाचा ठसा कसा ओळखावा? रानडुक्कर, शेळी यांचे ठसेही तसेच दिसतात.

व्हाइटटेलच्या पूर्ण वाढलेल्या हरणाचा ठसा साधारण पाच ते नऊ सेंटीमीटर लांब असतो. खुराच्या दोन भागांची टोके पुढे निमुळती होऊन एकमेकांकडे झुकतात, त्यामुळे ठसा बदामाच्या आकाराचा दिसतो आणि टोकाची दिशा हीच चालण्याची दिशा असते. मऊ मातीत किंवा पळताना मागची दोन छोटी खुरेही उमटतात. सावकाश चालताना मागचा पाय बहुधा पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो, म्हणून चार पायांच्या जनावराचा माग काही वेळा दोन पायांचा असल्यासारखा वाटतो.

रानडुकराचा ठसा अधिक गोल आणि बोथट असतो, आणि त्याची मागची छोटी खुरे बाजूला बाहेर फाकलेली दिसतात. शेळी-मेंढीचा ठसा चौकोनी आणि टोकांशी बोथट असतो. एल्कचा ठसा गोलसर आणि दहा सेंटीमीटरच्या आसपास, तर मूसचा त्याहूनही बराच मोठा असतो. प्रॉन्गहॉर्नला मागची छोटी खुरे नसतातच, त्यामुळे चिखलातही ती उमटत नाहीत.

५. ठशावरून नर की मादी ते सांगता येते का?

एका ठशावरून खात्रीने सांगता येत नाही. मागच्या छोट्या खुरांचे ठसे दिसले की तो नर, हा समज चुकीचा आहे. जमीन मऊ असेल तर मादीचीही ती उमटतात. पातळ बर्फात पाय ओढल्याची रेघ दिसली म्हणजे नर असावा, या अनुमानात थोडे तथ्य असले तरी बर्फ खोल असेल तर सगळीच हरणे पाय ओढतात. त्यातल्या त्यात ठशाची रुंदी आणि खोली एकत्र पाहावी. सात-साडेसात सेंटीमीटरहून लांब, रुंद आणि शेजारच्या ठशांपेक्षा खोल रुतलेला ठसा एकट्याने चालत असेल तर तो वयस्क नराचा असण्याची शक्यता वाढते. मोठ्या ठशाबरोबर लहान ठसे असतील तर ती बहुधा पाडसांसह मादी असते. याहून जास्त हवे असेल तर त्याच वाटेवर पुढे प्रश्न १२ मधील खुणा आहेत का ते शोधावे.

६. खूण ताजी आहे की जुनी, हे कसे ठरवायचे?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो फार कमी लोक विचारतात.

ठशाच्या बाबतीत सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याच्या शेजारी, त्याच मातीत, आपले पाऊल दाबून दोन्हींची तुलना करणे. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि आतली माती भोवतालच्या मातीपेक्षा ओलसर व गडद दिसते. ऊन-वारा लागला की कडा ढासळतात, तळाशी बारीक कचरा आणि पाने साचतात. ठशात पावसाच्या थेंबांचे खळगे असतील तर तो पावसापूर्वीचा आहे, आणि पाऊस केव्हा थांबला ते माहीत असेल तर वय तासांच्या हिशेबात सांगता येते. दहिवर पडलेल्या सकाळी हाच नियम लागू होतो: ठशाच्या आतही दहिवराचे कण असतील तर हरीण रात्रीच गेलेले असते, दहिवर मोडून ठसा उमटला असेल तर ते नुकतेच गेले आहे.

पानांच्या थरावर ठसा स्पष्ट उमटत नाही. तेथे उलटलेली पाने पाहावीत. खालची ओली, काळपट बाजू वर आलेली दिसली तर खूण ताजी आहे, कारण कोरड्या हवेत ती बाजू लवकर वाळते.

रोजच्या वाटेवर कोणी येते का, याची खात्री करायची असेल तर वाटेचा हातभर पट्टा फांदीने साफ करून माती सपाट करून ठेवावी. दुपारी साफ केलेल्या पट्ट्यावर अंधार पडण्यापूर्वी ठसे उमटले, तर ती वाट दिवसाउजेडी वापरात आहे, हे कॅमेऱ्याशिवायही कळते. शिंगांच्या व्रणांचे आणि उकरलेल्या जमिनीचे वय कसे ओळखावे, ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये दिले आहे.

७. लेंड्यांवरून काय कळते?

मुख्यतः आहार आणि ताजेपणा. हरीण झुडपांचे शेंडे, काड्या आणि कोरडा चारा खात असेल तर लेंड्या सुट्या, टणक आणि गोळीसारख्या असतात. हिरवे गवत, लसूणघास किंवा फळे खात असेल तर त्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. नुकत्याच पडलेल्या लेंड्या चकचकीत आणि ओलसर असतात, काडीने फोडल्यास आत हिरवट रंग दिसतो. उन्हात त्या काही तासांतच निस्तेज होतात, सावलीत आणि थंडीत मात्र बराच काळ ताज्यासारख्या राहतात, म्हणून फक्त चकाकीवर विसंबू नये. हरीण दिवसातून डझनभराहून अधिक वेळा लेंड्या टाकते. त्यामुळे एखाद्या जागी ढीगच्या ढीग दिसले तरी कळप मोठा असेलच असे नाही. एखाद-दुसरे हरीण तेथे बराच वेळ रेंगाळत असावे. लेंडीच्या आकारावरून नर-मादी ठरवण्याचा खटाटोप आम्ही सुचवणार नाही.

८. झुडपांचे शेंडे खाल्लेले दिसतात. ते हरणानेच खाल्ले हे कशावरून?

हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते खालचे दात आणि वरची कठीण हिरडी यांत शेंडा धरून तोडते, म्हणून टोक चिंध्या झाल्यासारखे, तंतू निघालेले दिसते. सशाने खाल्लेली फांदी चाकूने तिरकी छाटल्यासारखी स्वच्छ असते आणि ती जमिनीपासून फार वर नसते. हरणांची संख्या जास्त असलेल्या जंगलात सुमारे दीड मीटर उंचीपर्यंतची सर्व हिरवी पाने संपून झाडांखाली सरळ आडवी रेषा आखल्यासारखे दिसते. अशा जागी हरणे आहेत, पण खाणे उरलेले नाही; तेव्हा ती रोज चरायला दुसरीकडे जात असतील, हे गृहीत धरून शोध पुढे न्यावा.

९. ओकची झाडे असतील तर शेताकडे लक्ष द्यायचे की नाही?

ओकची फळे गळू लागली की हरणे हिरवीगार शेते सोडून जंगलात वळतात, आणि आदल्या आठवड्यापर्यंत शेताच्या कडेला रोज दिसणारी हरणे एकाएकी दिसेनाशी होतात. व्हाइट ओक गटातील फळे एकाच मोसमात पिकतात आणि त्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य कमी असल्याने ती हरणांना अधिक आवडतात. ती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतात आणि लवकर संपतात. रेड ओकची फळे पिकायला दोन मोसम लागतात, ती कडवट असतात, आणि पहिली संपल्यावर किंवा हिवाळ्यात खाल्ली जातात. पानांच्या कडा गोलसर असतील तर झाड व्हाइट ओक गटातले आणि कडांना टोकदार काटे असतील तर रेड ओक गटातले, ही ओळख रानात कामास येते, जरी काही जाती तिला अपवाद असल्या तरी.

मात्र झाड असणे पुरेसे नाही. ओकला दरवर्षी सारखी फळे धरत नाहीत. म्हणून ऑगस्टमध्येच दुर्बिणीने फांद्या पाहून कोणती झाडे लगडली आहेत ते टिपून ठेवावे, आणि गळ सुरू झाल्यावर त्यांपैकी कोणत्या झाडाखाली चावून टाकलेली टरफले, उलटलेली पाने आणि ताज्या लेंड्या एकत्र दिसतात ते पाहावे. सारखीच दिसणारी दहा झाडे असताना हरणे एकाचीच निवड करतात असे अनेकदा आढळते. जंगली सफरचंद आणि पर्सिमन यांनाही हेच लागू आहे.

१०. हरणाची बैठक कशी ओळखावी, आणि ती सापडल्यावर काय करावे?

पानांत, गवतात किंवा बर्फात सुमारे मीटरभर लांबीचा लंबगोल दबलेला भाग म्हणजे बैठक. लहान-मोठ्या तीन-चार बैठका जवळजवळ आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतील तर त्या माद्या-पाडसांच्या असतात. आडबाजूला एकटी, मोठी बैठक आणि शेजारच्या झाडावर शिंगांचे व्रण असतील तर ती नराची समजावी.

डोंगरात नर बहुधा धारेच्या वरच्या एक तृतीयांश भागात, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला बसतो. धारेवरून येणारा वारा पाठीमागचा वास आणून देतो आणि खालचा उतार डोळ्यांसमोर राहतो, त्यामुळे त्याच्याकडे चोरपावलांनी जाणे जवळपास अशक्य होते. सपाट प्रदेशात दलदलीतील कोरडा उंचवटा किंवा उंच गवताचे बेट ही त्याची जागा असते.

फेब्रुवारीत बैठक सापडली तर खुशाल तेथे बसून, हरणाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काय दिसते ते पाहावे. आपण कोणत्या वाटेने आलो तर दिसणार नाही, हे तेथेच कळते. ऑक्टोबरमध्ये चुकून बैठकीपर्यंत पोहोचलो तर लगेच, आल्या वाटेने परत फिरावे.

११. मोठी, मळलेली वाट धरावी की पुसट वाट?

कोणाची शिकार करायची यावर ते अवलंबून आहे. मळलेली वाट माद्या, पाडसे आणि तरुण नर वापरतात. वयस्क नर पुष्कळदा तिला समांतर, वाऱ्याच्या खालच्या बाजूने काही अंतरावर चालतो, म्हणजे मोठ्या वाटेवर कोण गेले ते त्याला वासानेच कळते. ही पुसट वाट ठशांवरून सापडत नाही; व्रणांच्या ओळीवरून सापडते. दोन-तीन वाटा एकत्र येतात ती जागा सर्वांत मोलाची, परंतु वाट दिवसा वापरली जाते की रात्री, हे आधी तपासावे.

१२. झाडावर शिंगे घासल्याचे व्रण, ज्यांना ‘रब’ म्हणतात, ते नेमके काय सांगतात?

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नराच्या शिंगांवरील मखमली आवरण गळते, आणि तेथपासून माजाचा काळ संपेपर्यंत तो झाडांवर शिंगे घासत राहतो. आवरण काढण्यासाठीच तो हे करतो असे समजले जाते, पण आवरण साधारण एका दिवसात निघून जाते. त्यानंतरचे शेकडो व्रण हे स्नायूंची कसरत आणि कपाळावरील ग्रंथींचा वास झाडाला लावून दिलेली वर्दी असते.

बोटाएवढ्या रोपावरचा व्रण कोणत्याही नराचा असू शकतो, कारण मोठे नरही बारीक झाडे घासतात. पिंडरीएवढ्या जाड बुंध्यावरचा खोल व्रण मात्र क्वचितच लहान नराचा असतो. ताज्या व्रणाचे लाकूड ओले, उजळ आणि कधी डिंक पाझरणारे असते, खाली सालीचे तंतू पडलेले असतात. जुने लाकूड करडे पडते. सीडर, पाइन यांसारख्या सुवासिक झाडांना विशेष पसंती दिसते.

नर ज्या बाजूने आला त्याच बाजूची साल सहसा सोललेली असते. त्यामुळे ओळीतील व्रण बैठकीच्या दिशेला तोंड करून असतील तर तो संध्याकाळी बैठकीतून खाण्याकडे जाताना ते करत गेला. खाण्याच्या दिशेला असतील तर पहाटे परतताना. संध्याकाळी कोठे आणि सकाळी कोठे बसावे, याचे उत्तर त्यातून मिळते. वर्षानुवर्षे घासला जाणारा एखादा जाड, जुन्या वणांचा बुंधा दिसला तर तो जरूर टिपून ठेवावा. अशा झाडाशी अनेक नर थांबतात.

१३. झाडाखाली उकरलेली जमीन, म्हणजे ‘स्क्रेप’, सापडली. तेथेच मचाण बांधू का?

लगेच नको. स्क्रेपमध्ये जमिनीपेक्षा वरची फांदी महत्त्वाची असते. साधारण हरणाच्या डोक्याच्या उंचीवर लोंबणारी एखादी फांदी नर चावतो, चाटतो, तिला कपाळ आणि डोळ्यांजवळची ग्रंथी घासतो, मग खालची पाने खुराने बाजूला सारून त्या मातीत मूत्र सोडतो. ते मागच्या पायांच्या आतील ग्रंथींवरून ओघळत खाली येते. फांदी नसलेली उकरलेली जागा बहुधा टर्कीने किंवा खाण्याच्या शोधात हरणानेच उकरलेली असते.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्क्रेप सर्वाधिक दिसतात. एकच स्क्रेप अनेक नर वापरतात आणि माद्याही फांदी हुंगून जातात, म्हणून ‘हा त्या नराचा स्क्रेप’ ही कल्पना सोडून द्यावी. शिवाय बहुतेक भेटी रात्री होतात. शेताच्या उघड्या कडेवरील स्क्रेप रात्रीचा समजावा. त्यापासून बैठकीच्या दिशेने आत, दाट झाडीत असलेला स्क्रेप दिवसा उपयोगी पडण्याची शक्यता अधिक. माती ओली, पाने-काड्यांपासून स्वच्छ आणि उग्र वासाची असेल तर तो चालू आहे; पाने साचू लागली तर सोडून दिलेला आहे. माज ऐन भरात आला की नर माद्यांच्या मागे लागतात आणि स्क्रेपकडे दुर्लक्ष होते.

१४. खुणा भरपूर आहेत, पण हरीण दिसतच नाही. असे का?

बहुधा आपण रात्रीच्या खुणांवर बसलो आहोत. व्हाइटटेल पहाटे आणि संधिकाळी सर्वाधिक हालचाल करते, आणि माणसांची ये-जा वाढली की उघड्यावरचे चरणे रात्रीवर ढकलते. शेताच्या कडेला ठसे आणि लेंड्यांचा सडा असतो, कारण तेथे हरीण तासन्‌तास घालवते. परंतु ते तेथे अंधार पडल्यावर पोहोचते. अशा वेळी वाट उलट दिशेने, बैठकीकडे मागे जावे. शंभर-दोनशे मीटर आत, जेथे हरीण अंधाराची वाट पाहत घुटमळते, तेथे खुणा कमी पण विखुरलेल्या असतात: चार-दोन लेंड्या, लहान व्रण, थोडे खुडलेले शेंडे. खुणा कमी असूनही ती जागा सरस ठरते.

दुसरे कारण वारा असू शकते (प्रश्न १६), आणि तिसरे म्हणजे खुणा मागच्या पंधरवड्यातल्या आहेत आणि खाणे बदलले आहे (प्रश्न ९).

१५. उन्हाळ्यात रोज दिसणारा नर ऑक्टोबरमध्ये नाहीसा झाला. तो मेला का?

तसे समजण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात नर टोळीने राहतात. शिंगांवरचे आवरण गळाले की टोळी फुटते आणि त्यांपैकी काही नर शरद ऋतूतील दुसऱ्या भागात निघून जातात. उलट, उन्हाळ्यात कधी न दिसलेले नर आपल्या जागेवर येतात. ऑक्टोबरच्या मध्यावर हरणे हालचालच थांबवतात हा समजही जीपीएस पट्टे लावून केलेल्या अभ्यासांत टिकलेला नाही. हालचाल चालूच असते, जागा बदललेल्या असतात.

माजाचा काळ दिवसाच्या लांबीवर ठरतो, थंडीवर नाही. उत्तरेकडील राज्यांत त्याचा भर नोव्हेंबरच्या मध्यावर असतो. दक्षिणेत मात्र फरक पडतो, आणि अलाबामाच्या बऱ्याच भागांत तो जानेवारीत येतो. तेव्हा उत्तरेतील वेळापत्रक दक्षिणेत वापरू नये.

१६. माझ्याच फिरण्याने हरणे पळून जातील का?

जाऊ शकतात, आणि वयस्क नर अशा भेटी विसरत नाही. हंगाम जवळ असताना दुपारी, हरणे बैठकीत असताना जावे, पाऊस येण्याच्या बेतात असेल तर उत्तम, कारण आपला वास धुऊन जातो. रबरी बूट घालावेत, फांद्यांना हात लावू नये, हरणांच्या वाटेवरून चालू नये. ती काटकोनात ओलांडावी.

वाऱ्याबरोबर उतारावरच्या हवेचाही विचार करावा. ऊन चढले की हवा उतारावरून वर जाते आणि संध्याकाळी थंड होऊन खाली नाल्यात उतरते. सकाळी योग्य असलेली जागा संध्याकाळी अगदी चुकीची असू शकते ती यामुळे. म्हणून टेहळणी करतानाच प्रत्येक जागेपुढे, ती कोणत्या वाऱ्याला चालेल, याची नोंद करावी.

१७. ट्रेल कॅमेरा, म्हणजे हालचाल होताच आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा, असेल तर खुणा शोधण्याची गरज आहे का?

आहे. कॅमेरा त्याच्यासमोरचे काही मीटर पाहतो. तो कोठे लावायचा हे खुणाच सांगतात. वेळ आणि दिवस यांची नोंद ही मात्र त्याची खरी देणगी आहे, आणि प्रश्न १४ मधील शंका तो तत्काळ मिटवतो. सूर्य थेट भिंगात येऊ नये म्हणून त्याचे तोंड उत्तरेला ठेवावे आणि वाटेला काटकोनात लावण्याऐवजी तिरके लावावे. दर दोन दिवसांनी चित्रे पाहायला जाणे हा प्रश्न १६ मधील सर्व खबरदारीवर पाणी फिरवणारा प्रकार आहे.

कायदा आधी पाहावा. ॲरिझोनात १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरण्यास बंदी आहे. इतर काही राज्यांत सार्वजनिक जमिनीवर किंवा चित्रे तत्काळ मोबाइलवर पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांवर निर्बंध आहेत.

१८. पाऊस किंवा बर्फ पडल्यावर जावे का?

अवश्य. पावसाने जुनी पाटी पुसलेली असते आणि त्यानंतरची प्रत्येक खूण नवीच असते. पहिल्या बर्फानंतर माग उलट दिशेने काढावा: हरीण कोठे गेले यापेक्षा ते कोठून आले ते शोधल्यास बैठक सापडते आणि पुढे गेलेले हरीण बिथरत नाही. खोल बर्फाच्या प्रदेशात हरणे हिवाळ्यात घनदाट सूचिपर्णी झाडीत एकत्र जमतात. तेथील खुणांवरून शरद ऋतूचा अंदाज बांधू नये, आणि उपासमारीच्या त्या दिवसांत त्यांना पळवूही नये.

१९. म्यूल डिअर या मोठ्या कानांच्या दुसऱ्या जातीच्या हरणासाठी हीच माहिती चालेल का?

अंशतः. ठसे, लेंड्या आणि चरल्याच्या खुणा जवळजवळ सारख्याच असतात. पण म्यूल डिअर व्हाइटटेलप्रमाणे स्क्रेप करत नाही, मोकळ्या आणि खडकाळ प्रदेशात राहते, आणि घाबरल्यावर चारही पायांवर एकदम उसळ्या घेत जाते, त्यामुळे चार ठसे एकाच जागी गोळा झालेले दिसतात. त्याच्यासाठी पायी शोधण्यापेक्षा उंचावरून दुर्बिणीने उतार न्याहाळणे अधिक फलदायी ठरते.

२०. माग खाजगी जमिनीत गेला तर?

मालकाच्या परवानगीशिवाय जाऊ नये, टेहळणीसाठीही नाही. अनेक राज्यांत झाडावर किंवा खांबावर ओढलेला जांभळा पट्टा हा ‘प्रवेश बंद’ फलकाइतकाच कायदेशीर मानला जातो. पाटी दिसली नाही ही सबब तेथे चालत नाही.

२१. टेहळणीला जाताना नारिंगी जाकीट घालावे का? हातात तर बंदूकही नसते.

बंदुकीचा कोणताही हंगाम चालू असेल तर घालावे. धोका इतरांच्या बंदुकीचा असतो. हरणांना नारिंगी आणि लाल रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, तेव्हा त्याने नुकसानही होत नाही. दुसरा धोका गोचिडींचा. लाइम आजार पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीचे प्रौढ शरद ऋतूत चांगलेच क्रियाशील असतात. कपड्यांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी करून ते वाळवून घालावेत, आणि घरी आल्यावर काखा, जांघा आणि केसांचा भाग तपासावा.

२२. खुणा शोधताना खंगलेले, लाळ गळणारे हरीण दिसले. काय करावे?

जवळ जाऊ नये, हात लावू नये. ठिकाण टिपून राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवावे. खंगणे, लाळ गळणे, तोल जाणे ही क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची लक्षणे असू शकतात. हा आजार १९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रात प्रथम लक्षात आला, आणि तो विकृत प्रथिनांमुळे होत असल्याने शिजवून नष्ट होत नाही. बाधित प्राणी बराच काळ निरोगी दिसतो, म्हणून अशा भागात शिकार केल्यास चाचणीचा निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये. हरणाचे खरे मूत्र असलेली आमिषे काही राज्यांनी याच कारणासाठी बंद केली आहेत. स्क्रेपवर काही ओतण्यापूर्वी नियम वाचावेत.

२३. ही माहिती भारतात वापरता येईल का?

शिकारीसाठी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार हरणांची शिकार हा गुन्हा आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत सापळा लावणे, हाकणे, आमिष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून आणता येत नाही. निरीक्षणासाठी ठसे, लेंड्या आणि चरल्याच्या खुणांबद्दलचे भाग (प्रश्न ४, ६, ७ आणि ८) बऱ्याच अंशी लागू पडतात. प्रश्न १२, १३ आणि १५ मधील महिन्यांचे गणित मात्र चितळाला लागू नाही, कारण एकाच कळपातील चितळ नरांची शिंगे एकाच वेळी वेगवेगळ्या अवस्थांत असू शकतात.